अरण्याचा योद्धा : मेजर रॉबर्ट रॉजर्स

(द्वितीय वर्ष, कला)

काही माणसांची चरित्रे लिहायला सोपी असतात. जन्म, शिक्षण, कार्य आणि मृत्यू अशा पायऱ्या ओलांडत गेले की शेवटी हात जोडून थांबता येते. मेजर रॉबर्ट रॉजर्सचे तसे नाही. अमेरिकेच्या सैन्यात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात नदीकाठी ओडानॅक नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे मात्र गाव जाळणारा म्हणूनच त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील देशभक्तांच्या लेखी तो फितूर. आणि ज्या इंग्लंडच्या राजासाठी तो लढला त्या राजाच्या बड्या सेनापतींच्या लेखी कर्जबाजारी व बेभरवशाचा. एकाच माणसाला इतकी परस्परविरोधी नावे कशी मिळाली असतील?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे छापील अक्षराविषयी माझ्या मनात लहानपणापासून एक धाक आहे. पुस्तकात आहे म्हणजे ते खरेच असणार, असे मला बारावीपर्यंत वाटत असे. अमेरिकेतील वसाहतींचे प्रकरण वाचताना रॉजर्सचा दोन ओळींचा उल्लेख आला आणि मी त्याच्यामागे लागले. ग्रंथालयातील जाड इंग्रजी पुस्तके आणून, शेजारी शब्दकोश ठेवून, आठ दिवसांत पहिला खर्डा लिहून काढला. ती सरळसरळ वीरगाथा होती. तो खर्डा मी फाडून टाकला. का फाडला, ते योग्य जागी सांगेन.

रॉजर्सचा जन्म नोव्हेंबर १७३१ मध्ये मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील मेथ्युएन या गावी झाला. आईवडील आयर्लंडच्या उत्तर भागातून आलेले, मूळ स्कॉटिश वंशाचे, गरीब शेतकरी. तो आठ वर्षांचा असताना, १७३९ साली, कुटुंब न्यू हॅम्पशायरच्या सरहद्दीवर राहायला गेले. सरहद्द म्हणजे काय, हे आपल्याला सहज कळणार नाही. एका बाजूला इंग्रजांची नवी शेते, दुसऱ्या बाजूला अफाट जंगल. पण ते जंगल ओसाड नव्हते. ज्यांना आपण सवयीने रेड इंडियन म्हणतो, त्या मूळ रहिवाशांची ती भूमी. नद्या हे त्यांचे रस्ते होते आणि त्यांची शिकारीची राने पिढ्यांपासून ठरलेली होती. गोऱ्यांच्या प्रत्येक नव्या शेताबरोबर ती राने आक्रसत होती. अबेनाकी लोक इंग्रजांच्या वस्त्यांवर हल्ले करत, माणसे पकडून नेत, त्यामागे हे कारण होते. इंग्रजही त्यांच्या डोक्याच्या त्वचेसाठी सरकारी बक्षिसे लावत. दोन्ही बाजूंना दया फारशी नव्हती.

रॉजर्स किशोरवयातच न्यू हॅम्पशायरच्या शिबंदीत दाखल झाला. १७४८ साली त्याच्या वडिलांचे शेतघर हल्ल्यात जळून गेले. पुढे वडीलही गेले, पण शत्रूच्या हातून नव्हे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात एका मित्राने त्यांना अस्वल समजून गोळी घातली. शाळा अशी रॉजर्सला जवळजवळ मिळालीच नाही. त्याची शाळा म्हणजे जंगल. शिकार करत, कातडी विकत, मूळ रहिवाशांबरोबर वावरत तो वाढला. माग काढणे, बर्फात रात्र काढणे, आवाज न करता चालणे या विद्या त्याने त्यांच्याचकडून उचलल्या.

तरुणपणी त्याच्यावर एक डागही लागला. १७५५ च्या सुरुवातीस बनावट नोटांच्या प्रकरणात त्याला अटक झाली. त्याच सुमारास युद्धाचे ढग जमले होते आणि सरकारला माणसे हवी होती. रॉजर्सने माणसे गोळा केली, त्यांच्यासह तो सैन्यात भरती झाला आणि खटला मागे पडला. पराक्रमी पुरुषाच्या चरित्राचा हा आरंभ काही शोभिवंत नाही. परंतु पुढील आयुष्यात पैसा आणि कायदा यांनी त्याची पाठ कधीच सोडली नाही, म्हणून तो सांगणे भाग आहे.

उत्तर अमेरिका कोणाची, यावरून इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात १७५४ साली युद्ध पेटले. युरोपात त्याचेच पुढे सप्तवार्षिक युद्ध झाले. आपल्या अभ्यासक्रमात १७५७ ची प्लासीची लढाई आणि १७६० ची वांदिवाशची लढाई येते. त्या काळात इंग्रज व फ्रेंच या दोन सत्ता जगभर एकमेकींशी झुंजत होत्या. बंगाल आणि कर्नाटक हे त्या झुंजीचे एक टोक, तर अमेरिकेतील जंगले दुसरे. हे ध्यानात आल्यावर रॉजर्स मला एकदम परका वाटेनासा झाला.

अमेरिकेत इंग्रजांची सुरुवात फार वाईट झाली. युरोपच्या मैदानी युद्धात तयार झालेले लाल कोटातील शिपाई रांगा धरून, ढोल वाजवीत जंगलात शिरले. ९ जुलै १७५५ रोजी मोनोंगाहेला नदीजवळ जनरल ब्रॅडॉकच्या सुमारे १४०० माणसांपैकी जवळजवळ ९०० जण ठार किंवा जखमी झाले. झाडांआडून गोळ्या येत होत्या आणि शत्रू दिसत नव्हता. स्वतः ब्रॅडॉकही त्या जखमांनी मेला. जंगलात लढायचे तर जंगलाच्या रीतीने लढले पाहिजे, हे आता नाकारता येण्यासारखे नव्हते.

रॉजर्सचे दिवस आले ते यामुळे. जॉर्ज आणि शॅम्प्लेन ही दोन लांबट सरोवरे इंग्रज व फ्रेंच मुलखांमधला हमरस्ता होती. त्या रस्त्यावर टायकॉनडरोगा येथे फ्रेंचांचा किल्ला होता. त्या किल्ल्यापर्यंत जाऊन शत्रूची संख्या मोजून येणे, कैदी पकडून आणणे ही कामे रॉजर्स भर हिवाळ्यात करू लागला. मार्च १७५६ मध्ये त्याला रेंजर्सच्या स्वतंत्र तुकडीचा कॅप्टन करण्यात आले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने ५० माणसे आणि ५ होड्या घेतल्या, त्या होड्या डोंगरावरून वाहून दुसऱ्या सरोवरात उतरवल्या आणि रात्रीच्या अंधारात फ्रेंचांच्या किल्ल्याखालून वल्हवत जाऊन त्यांच्या रसदीच्या बोटी पकडल्या. या होड्या तेथे आल्या कशा, याचे फ्रेंचांना कोडे पडले असल्यास नवल नाही.

हडसन नदीतील एका बेटावर रेंजर्सचा तळ होता. तेथे १७५७ साली रॉजर्सने आपल्या युद्धपद्धतीचे २८ नियम लिहून काढले. इंग्रज सैन्यातील तरुणांना शिकवण्यासाठी ते होते. ते वाचताना मला फार मौज वाटली, कारण त्यांत पांडित्य नाही. रोज संध्याकाळी हजेरीला प्रत्येकाजवळ बंदूक, ६० बारांची दारू व गोळ्या आणि एक कुऱ्हाड हवी. एकामागे एक चालावे, पण दोघांत एवढे अंतर ठेवावे की एका गोळीत दोघे पडू नयेत. दलदलीतून जाताना मात्र एकमेकांच्या बाजूने पसरून चालावे, म्हणजे माग काढणाऱ्याला वाट सापडत नाही. गेलेल्या वाटेने परत येऊ नये. नेहमीच्या उतारावरून नदी ओलांडू नये. दोन कैदी पकडले तर वेगवेगळे ठेवून विचारपूस करावी. पहाटे सर्वांनी जागे असावे, कारण शत्रू पहाटेच येतो. कोणी पाठलाग करत असेल तर वळसा घालून आपल्याच वाटेवर दबा धरावा. रानातल्या या गनिमी काव्याचे बहुतेक ज्ञान मूळ रहिवाशांचे होते. रॉजर्सने ते सूत्रबद्ध केले, हे त्याचे कर्तृत्व. त्याच्या रेंजर्समध्ये स्टॉकब्रिज येथील मोहिकनांची तुकडीही होती. म्हणजे मूळ रहिवासी दोन्ही बाजूंनी लढत होते.

हे युद्ध रॉजर्सच्या घरातही शिरले. धाकटा भाऊ रिचर्ड रेंजर्समध्येच होता. १७५७ मध्ये तो देवीच्या साथीत वारला. पुढे ऑगस्टमध्ये विल्यम हेन्री हा इंग्रजांचा किल्ला पडला, तेव्हा विजेत्यांच्या बाजूच्या योद्ध्यांनी त्याचे प्रेत थडग्यातून उकरून डोक्याची त्वचा काढली.

नियम लिहिणारा माणूस नेहमी जिंकतोच असे नाही. १३ मार्च १७५८ रोजी सुमारे १८० माणसांसह रॉजर्स टायकॉनडरोगाजवळच्या बर्फात शिरला. पाय रुतू नयेत म्हणून लाकडी चौकटीवर चामड्याच्या पट्ट्या विणून केलेल्या रुंद जोड्यांवर सारे चालत होते. शत्रूची तुकडी येताना दिसली. रेंजर्सनी दबा धरला, गोळ्या झाडल्या आणि पळणाऱ्यांचा पाठलाग केला. ती केवळ आघाडीची टोळी होती. मागून मुख्य फौज आली. शंभराहून अधिक रेंजर्स त्या दिवशी पडले. काहींनी शरणागती पत्करल्यावरही त्यांना मारण्यात आले. रॉजर्सने आपला जड कोट टाकून दिला. त्यात त्याच्या नेमणुकीचे कागद सापडल्यामुळे तो मेला असेच फ्रेंचांना वाटले. सरोवराकाठच्या एका उंच कड्यावरून घसरत तो निसटला, अशी दंतकथा आहे. त्या कड्याला आजही त्याचे नाव आहे. एवढा पराभव होऊनही पुढच्या महिन्यात त्याला मेजर करण्यात आले. इंग्रजांना त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता.

आता त्या मोहिमेकडे येते, जिच्यामुळे रॉजर्सचे नाव गाजले आणि जिच्यामुळेच मला पहिला खर्डा फाडावा लागला.

१७५९ च्या उन्हाळ्यात इंग्रज सेनापती अ‍ॅम्हर्स्टने पाठवलेल्या कॅप्टन केनेडीच्या तुकडीला अबेनाकींनी पकडले. अ‍ॅम्हर्स्ट संतापला. सेंट फ्रान्सिस नदीवरील अबेनाकींच्या गावावर चालून जाण्याचा हुकूम त्याने रॉजर्सला दिला. सूड घ्यावा, मात्र बायकामुलांना मारू नये, असे त्या हुकुमात स्पष्ट होते. ते गाव म्हणजेच ओडानॅक. १३ सप्टेंबरला रॉजर्स सुमारे २०० माणसे घेऊन होड्यांतून निघाला. वाटेत आजार आणि अपघात यांमुळे सुमारे ४० जण परत पाठवावे लागले. परतीसाठी लपवून ठेवलेल्या होड्या व शिधा फ्रेंचांना सापडला. मागे शत्रू, पुढे शत्रूचा मुलूख. मागे फिरण्याऐवजी रॉजर्सने पुढे जाण्याचे ठरवले आणि परतीची वाट दक्षिणेकडील कनेक्टिकट नदीने काढायची असे ठरवून शिधा पाठवण्याचा निरोप धाडला. मग ९ दिवस ती माणसे दलदलीतून चालली. झोपायला कोरडी जमीन नव्हती. झाडांच्या फांद्या आडव्या टाकून त्यावर रात्र काढायची.

४ ऑक्टोबरच्या पहाटे १४२ माणसे गावावर तुटून पडली. बरेच लढवय्ये गावात नव्हते. जे घराबाहेर पडले त्यांना गोळ्या घातल्या, जे नदीकडे पळाले त्यांचा पाठलाग केला. मग मक्याची कोठारे वगळून घरे पेटवली. माळ्यांवर आणि तळघरांत लपलेले अनेक जण जळाले, हे रॉजर्सच्याच रोजनिशीत आहे. गावातले चर्चही जळाले. गावचा प्रमुख जोसेफ लुई गिल हा स्वतः इंग्रज कैदी आईबापांच्या पोटी जन्मलेला, पण अबेनाकी म्हणून वाढलेला. त्याची बायको आणि दोन मुले पकडली गेली. बायको पुन्हा घरी आली नाही. मुलांपैकी एकच परतला. रॉजर्सचा उजवा हात मानला जाणारा जॉन स्टार्क या मोहिमेत नव्हता. १७५२ मध्ये तो याच अबेनाकींच्या हाती कैदी होता आणि याच गावात राहून गेला होता.

परतीचा प्रवास हल्ल्याहून भयंकर ठरला. लुटलेला मका आठवडाभरात संपला. शिकार मिळावी म्हणून तुकडीचे लहान लहान गट केले. त्यांतले काही पाठलाग करणाऱ्यांच्या हाती पडले. माणसांनी चामड्याचे पट्टे उकळून खाल्ले. काहींनी मेलेल्यांचे मांस खाल्ल्याच्याही नोंदी आहेत. शिधा घेऊन येणारा लेफ्टनंट ठरल्या जागी आला, थोडा थांबला आणि शिधा घेऊन परत गेला. रॉजर्स पोचला तेव्हा त्याची शेकोटी अजून धुमसत होती. उभेही राहवत नसताना रॉजर्सने तराफा बांधला आणि तिघांना घेऊन तो नदीत उतरला. धबधब्यापाशी तो तराफा गेला. कुऱ्हाड चालवण्याची ताकद उरली नव्हती, म्हणून बुंध्याशी आग लावून झाडे पाडली आणि दुसरा तराफा केला. सुमारे ६० मैलांवरच्या इंग्रज ठाण्यावर तो ३१ ऑक्टोबरला पोचला, तत्काळ माणसांसाठी अन्न पाठवले आणि पाठोपाठ स्वतःही अन्न घेऊन परत गेला. परतीच्या वाटेवर त्याचे ४९ जण दगावले.

येथपर्यंत लिहिताना पहिल्या खर्ड्यात मी अगदी रंगून गेले होते. तराफ्याचा प्रसंग लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. आणि त्याच ओघात मी लिहून टाकले होते की, रॉजर्सने शत्रूचे २०० जण मारले. आकडा त्याच्याच अहवालातला, छापलेला. मग संशय घ्यायचे कारणच काय?

दुसऱ्या पुस्तकात फ्रेंचांच्या बाजूची नोंद मिळाली. मेलेले सुमारे ३०, आणि त्यांत २० बायका व मुले. दोन आकड्यांत केवढे अंतर! पण मला अंतरापेक्षा दुसऱ्या आकड्याच्या पोटातल्या आकड्याने गप्प केले. मी ज्यांना शत्रू म्हणून एका शब्दात मोजले होते, त्यांतले बहुतेक बायका-मुले होती.

आणखी एक साक्ष मिळाली, ती कागदावरची नव्हती. ओडानॅकच्या वृद्ध लोकांनी तोंडी जपलेल्या आठवणी गॉर्डन डे या भाषा-संशोधकाने टिपल्या आणि १९६२ साली प्रसिद्ध केल्या. म्हणजे घटनेनंतर २०० वर्षांनी! त्या आठवणींत असे आहे की, आदल्या रात्री गावात नाच चालू होता. एक मुलगी वाऱ्याला बाहेर आली. अंधारात एक अनोळखी माणूस तिच्याशी बोलला. त्याची बोली थोडी वेगळी, पण कळण्यासारखी होती. पहाटे हल्ला होणार, लपून राहा, असे त्याने सांगितले. रॉजर्सबरोबर आलेल्या मोहिकनांपैकीच तो कोणी असावा, असा तर्क आहे. काहींनी विश्वास ठेवला आणि ते मुलाबाळांना घेऊन अंधारातच ओहोळात जाऊन लपले. लपल्यावर एका घरातल्या माणसांनी मुले मोजली तर एक मुलगी कमी. बाप धावत घरी आला. ती पोर अंधारात बिछान्याच्या पायथ्याशी बसून, खिडकीबाहेर पाहत, गाणे म्हणत होती. तिला उचलून तो परतला.

ही गोष्ट खरी मानली तर मेलेल्यांची संख्या कमी का, याचा उलगडा होतो. पुष्कळ लोक गावात नव्हतेच. कागदावरच्या दोन साक्षींतला वाद एका तोंडी साक्षीने सुटतो. जी माणसे लिहीत नव्हती, त्यांनी खरे जपले होते आणि ज्याने पुस्तक छापले, त्याने आकडा फुगवला होता, किंवा धुराच्या लोटात त्याला तो तेवढा वाटला होता.

हे वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. आमच्या गावच्या पाझर तलावावर एक दगडी पाटी आहे. तीवर एक तारीख आणि एका पुढाऱ्याचे नाव कोरलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात त्या कामावर माती वाहणाऱ्या बायकांत माझी आजी होती. भरावाची माती ढासळून तिच्या टोळीतली एक बाई तेथेच गेली. तिचे नाव, तिचे माहेर, त्या दिवशी ती कोणत्या रंगाचे लुगडे नेसली होती, हे सारे आजी अजून सांगते. पाटीवर त्या बाईचे नाव नाही. आजीला अक्षरओळख नाही. मी आजवर पाटीला इतिहास समजत होते आणि आजीच्या बोलण्याला गप्पा. त्या रात्री मी खर्डा फाडला.

रॉजर्सची पुढची कथा उताराची आहे. १७६० मध्ये मॉन्ट्रियल पडले आणि फ्रेंचांची पश्चिमेकडील ठाणी ताब्यात घेण्यासाठी त्यालाच पाठवले. २९ नोव्हेंबरला त्याने डेट्रॉइट घेतले. १७६१ मध्ये पोर्ट्स्‌मथ येथील एका पाद्र्याच्या मुलीशी, एलिझाबेथ ब्राऊनशी, त्याचे लग्न झाले. पण संसार त्याला लाभला नाही. युद्धात अनेकदा त्याने माणसांचे पगार स्वतःच्या नावावर कर्ज काढून भागवले होते. ते पैसे सरकारकडून पूर्ण मिळाले नाहीत. त्यात उधळेपणा, दारू आणि जुगार यांची भर. ज्याने फ्रेंचांना चकवले त्याला सावकारांना चकवता येईना. न्यूयॉर्कमध्ये कर्जापायी तुरुंगात पडला, तेव्हा शिपायांनीच त्याला सोडवून नेले.

१७६५ मध्ये तो लंडनला गेला. तेथे त्याची रोजनिशी आणि उत्तर अमेरिकेचे वर्णन अशी दोन पुस्तके निघाली आणि तो प्रसिद्धीच्या शिखरावर पोचला. १७६६ मध्ये पॉन्टिअ‍ॅक या मूळ रहिवाशांच्या पुढाऱ्यावर एक नाटक आले, तेही त्याच्याच नावावर मोडते. १७६३ मध्ये या पॉन्टिअ‍ॅकने इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव केला होता आणि त्याच्याविरुद्ध स्वतः रॉजर्स लढला होता. तरी त्या नाटकात मूळ रहिवाशांना फसवणारे इंग्रज व्यापारी आणि अधिकारी दाखवले आहेत. नाटक सर्वस्वी त्याचे असो वा नसो, पण यावरून त्याच्याविषयी एक गोष्ट वाटते. ही माणसे कशी नाडली जातात, हे त्याला चांगले ठाऊक होते. ठाऊक असून त्याने ओडानॅक जाळले. अज्ञानाची सबब त्याला देता येत नाही.

राजाने त्याला ह्युरॉन व मिशिगन या सरोवरांच्या संगमावरील मिशिलिमॅकिनॉ ठाण्याचा प्रमुख नेमले. तेथून पॅसिफिक महासागराकडे जाणारा जलमार्ग शोधण्याचे त्याचे स्वप्न होते आणि १७६६ मध्ये त्याने शोधपथकही धाडले. परंतु सेनापती गेज आणि विल्यम जॉन्सन हे त्याच्याविरुद्ध होते. डिसेंबर १७६७ मध्ये फ्रेंचांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्याला त्याच्याच ठाण्यात कैद केले, बेड्या घातल्या आणि वसंतात मॉन्ट्रियलला नेले. ऑक्टोबर १७६८ च्या कोर्टमार्शलमध्ये तो निर्दोष सुटला. पण आयुष्य मोडले ते मोडलेच. पुढे लंडनमध्ये कर्जदारांच्या तुरुंगात त्याने काही वर्षे काढली.

१७७५ मध्ये तो अमेरिकेत परतला, तेव्हा वसाहती बंड करून उठल्या होत्या. वॉशिंग्टनने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. १७७६ मध्ये त्याला अटक झाली. तो निसटला आणि इंग्रजांना मिळाला. त्याच सप्टेंबरमध्ये नेथन हेल हा २१ वर्षांचा शिक्षक वॉशिंग्टनसाठी हेरगिरी करताना पकडला गेला आणि २२ तारखेला फासावर गेला. तो पकडला गेला कसा, हे सव्वादोनशे वर्षे नीट कळले नव्हते. २००३ मध्ये त्या काळच्या एका दुकानदाराचे हस्तलिखित उजेडात आले. त्यानुसार रॉजर्सने आपणही देशभक्तच आहोत असे भासवून हेलला बोलते केले, जेवायला बोलावले आणि तेथे पकडून दिले. शत्रूची वाट ओळखून दबा धरायचा हा त्याचा जुनाच नियम; फक्त आता रान नव्हते आणि समोर एक भोळा तरुण होता.

त्यानंतर उरले ते फारसे नाही. १७७७ मध्ये त्याच्याकडून तुकडीचे नेतृत्व काढून घेतले. १७७८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने एलिझाबेथला घटस्फोट मंजूर केला. जॉन स्टार्क मात्र अमेरिकेच्या बाजूने लढून १७७७ च्या बेनिंग्टनच्या लढाईचा वीर ठरला. युद्ध संपत आल्यावर रॉजर्स इंग्लंडला गेला, तो परत आला नाही. १८ मे १७९५ रोजी लंडनमध्ये, कर्जात आणि दारूत बुडालेल्या अवस्थेत तो वारला. त्याच्या थडग्याचा आज मागमूस नाही.

कीर्ती मात्र पुन्हा उगवली. १९३७ मध्ये त्याच्यावर गाजलेली कादंबरी निघाली, १९४० मध्ये तिच्यावर चित्रपट झाला. अमेरिकेच्या सैन्यातले रेंजर्स त्याला आपला पूर्वज मानतात. २००५ मध्ये हडसन नदीतल्या त्या बेटावर त्याचा पुतळा बसवला गेला. ओडानॅकही पुसले गेले नाही. लोक परत आले, घरे पुन्हा उभी राहिली. आज तेथे अबेनाकींचे स्वतःचे वस्तुसंग्रहालय आहे.

मग रॉजर्स वीर की खुनी? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर मागणारे माझे काही मित्र-मैत्रिणी आहेत. मला वाटते, भुकेल्या माणसांसाठी मरणाच्या दारातून तराफा वल्हवणारा रॉजर्स खरा आहे आणि बायकामुलांना मारू नये हा हुकूम खिशात असताना झोपलेले गाव पेटवणारा रॉजर्सही तितकाच खरा आहे. पहिल्याचे शौर्य दुसऱ्याचा हिशेब फेडू शकत नाही. साम्राज्याने त्याला वापरले आणि टाकून दिले, म्हणून त्याची कीव येते. पण ओडानॅकच्या लोकांनी त्याची कीव करावी, असे आपण त्यांना सांगू शकत नाही. त्यांच्या वाट्याला आलेली पहाट त्यांनी अक्षरांशिवाय जपली, हे मला रॉजर्सच्या २८ नियमांइतकेच मोठे वाटते.

हा लेख पुरा झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी तो आजीला वाचून दाखवला. सरोवरे, किल्ले, मेजर आणि कॅप्टन यांची नावे तिला नीटशी लागली नाहीत. रॉजर्सविषयी तिने काही विचारले नाही. तिने एकच विचारले, की ती गाणे म्हणणारी पोर वाचली का. मी सांगितले, वाचली. तिची गोष्ट तिच्या लोकांनी अजून सांभाळून ठेवली आहे. आजीने मान हलवली आणि पाझर तलावावरच्या त्या बाईचे नाव पुन्हा एकदा घेतले. या वेळी मी ते माझ्या वहीत लिहून घेतले.